एकपेशी सागरी जीव: नवी प्रजाती म्हणण्याआधी आणि म्हणताना

मुंबईतल्या बँडस्टँडच्या खडकांवरून ओहोटीला चमचाभर शेवाळ खरवडून आणा, डिशमध्ये पसरा आणि भिंगाखाली धरा. पाच मिनिटांत असा एखादा जीव दिसतोच की जो कुठल्याच चित्राशी जुळत नाही. पण तो आपल्याला ओळखता न येणं वेगळं आणि तो विज्ञानाला नवा असणं वेगळं. ओटो फ्रिडरिश म्युलर यांचा सूक्ष्मजीवांवरचा ग्रंथ १७८६ मध्ये छापला गेला. तेव्हापासून आजवर इतकी नावं दिली गेली आहेत, आणि त्यातली जुनी वर्णनं इतकी तोकडी आहेत, की नव्या प्रजातीच्या कामातला मोठा वाटा शोधण्याचा नसतो. जुन्या नावांना एकेक करून वगळण्याचा असतो. खालची सगळी कृती त्याच हिशेबाने लिहिली आहे.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवू. काही मराठी पाठ्यपुस्तकांत स्पीशीजला जाती आणि जीनसला प्रजाती म्हणतात. वर्तमानपत्रांत स्पीशीज म्हणजे प्रजाती. इथे प्रजाती म्हणजे स्पीशीज आणि वंश म्हणजे जीनस. उदाहरणं बहुतेक सिलिएटची, म्हणजे अंगावर बारीक पक्ष्म (हलणारे केसासारखे धागे) असलेल्या एकपेशींची आहेत. मुंबईच्या वाळूत आणि खाडीत ते भरपूर मिळतात आणि त्यांच्या वर्णनाची शिस्त सगळ्यांत कडक आहे.

नमुना

भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच निघा. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मोठी भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे मोठी ओहोटी सकाळी किंवा संध्याकाळी सहा-सातला. वाळूचा खालचा पट्टा तेव्हाच उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी पुरेसं मागे हटत नाही.

वाळूसाठी २० मिलिलिटरची सिरिंज घ्या, तिचं टोक कापा आणि वरचा दोन सेंटिमीटरचा थर उचला. काळ्या, कुजक्या वासाच्या थरात वेगळे जीव असतात. तो वेगळ्या बाटलीत घ्या. रुंद तोंडाची बाटली दोन तृतीयांशच भरा, वर हवा राहू द्या. बर्फात ठेवू नका. इथल्या पाण्यातल्या जीवांना बर्फ मानवत नाही, आणि गारठ्याने वेडावाकडा झालेला जीव नंतर 'वेगळ्या आकाराची प्रजाती' म्हणून फसवतो. उन्हात उभ्या गाडीतही बाटली ठेवू नका. लोकलने दीड तासात प्रयोगशाळा गाठता येत असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली पुरते.

जागेवरच लिहायचं: अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत (म्हणजे साधारण ११ मीटरची अचूकता), तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, पीएच आणि क्षारता. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून घ्या. पावसाळ्यात खाडीची क्षारता कोसळते, त्यामुळे जूनचा आणि जानेवारीचा नमुना एकाच जागेचा असला तरी एकसारखा धरता येत नाही. प्रजातीचं मूळ ठिकाण म्हणून 'जुहू, मुंबई' एवढंच लिहिलं तर पुढचा माणूस काही किलोमीटर वाळूत नेमकं कुठे खोदणार?

परवानगीचं आधी बघा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात आणि राखीव कांदळवनात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय चिखलाची चिमूटही उचलायची नाही.

वाळूतून जीव बाहेर काढण्याची जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे युलिग पद्धत. चार-पाच सेंटिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक नळीच्या खालच्या तोंडाला ६३ ते १२५ मायक्रोमीटरची नायलॉन जाळी ताणून बांधा. आत तीन-चार सेंटिमीटर वाळू, तिच्यावर थोडा कापूस, आणि कापसावर त्याच जागेच्या गाळलेल्या समुद्रपाण्याचा बर्फ ठेचून भरा. जाळी डिशमधल्या पाण्याला जेमतेम टेकली पाहिजे. बर्फ वितळत जाईल तसे गारवा आणि बदलती क्षारता जीवांना खाली ढकलतात आणि ते डिशमध्ये उतरतात. शिवडीसारख्या गाळात ही युक्ती चालत नाही, जाळी तुंबते. तिथे चिखलाच्या पृष्ठभागावर लेन्स पुसायचा कागद रात्रभर पसरून ठेवा आणि सकाळी तो उचलून पाण्यात खळबळा.

एका पेशीपासून वाढवलेली वसाहत

घाई सगळ्यांत महाग इथे पडते. डिशमध्ये एकसारखे दिसणारे पन्नास जीव दोन प्रजातींचे असू शकतात. जिवंत मापं एकाची, रंगवलेली स्लाइड दुसऱ्याची आणि जनुक तिसऱ्याचं, असे शोधनिबंध छापून आलेले आहेत, आणि ते निस्तरायला पुढच्या लोकांची वर्षं जातात. म्हणून पाश्चर पिपेट ज्योतीवर ओढून तिचं टोक पेशीच्या दोन-तीन पट रुंदीचं करा. एक पेशी उचला आणि ०.२२ मायक्रोमीटर गाळणीतून काढलेल्या निर्जंतुक समुद्रपाण्याच्या पाच थेंबांतून एकामागून एक धुवा. मग ती २४ खणांच्या प्लेटमधल्या एका खणात सोडा. सगळे २४ खण भरा, कारण निम्म्याहून जास्त पेशी जगत नाहीत.

जीवाणू खाणाऱ्या सिलिएटना खाद्य म्हणून तांदूळ चालतो. तो पाण्यात सुटतो, त्यावर जीवाणू वाढतात आणि ते जीव खातात. खणाला दाण्याचा एक बारीक तुकडा, पाच सेंटिमीटरच्या डिशला एक अख्खा दाणा. दोन दाणे टाकले की पाणी दुधाळ होतं, प्राणवायू संपतो आणि दोन दिवसांत सगळं मरतं. शैवालं खाणाऱ्यांना छोटे डायटम (एकपेशी शैवालं) द्यावे लागतात. ते वाढवायचे एफ-बाय-टू या पोषक द्रावणात: लिटरला ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, ५ मिलिग्रॅम फॉस्फेट, ३० मिलिग्रॅम सिलिकेट, शिवाय सूक्ष्मधातू आणि जीवनसत्त्वं.

जिवंत पाहणी

पोटभर खाल्लेला जीव फुगीर आणि काळपट दिसतो, उपाशी जीव चपटा आणि पारदर्शक. विभाजनाच्या बेतात असलेला लांबोळा. या तीन अवस्थांना तीन प्रजाती समजण्याची चूक फार जुनी आहे आणि आजही होते. म्हणून खाद्य दिल्यानंतर किती तासांनी पाहिलं ते नोंदवा, आणि मापं विभाजन न करणाऱ्या पेशींचीच घ्या.

सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याकडच्या भिंगातली मापाची पट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी (नमुन्याकडच्या भिंगासाठी) वेगळी जुळवावी लागते. स्टेज मायक्रोमीटर या मोजपट्टीच्या काचेवर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटर. ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हचा आकडा १०० पटीला वापरला की सगळं कोष्टक अडीच पटीने चुकतं, आणि ही चूक परीक्षकाच्या लक्षात येईलच याची खात्री नाही.

आधी कव्हरस्लिप न लावता, कमी पटीवर, मोकळ्या पोहणाऱ्या पेशींचे फोटो घेऊन लांबी-रुंदी मोजा. मगच कव्हरस्लिप. तिच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीनचे ठिपके लावा आणि सुईच्या टोकाने एकेक कोपरा हळूहळू दाबत न्या. पेशी जागेवर थांबली, पण फुटली नाही, हा नेमका क्षण पकडायचा. दाबलेली पेशी दीडपट रुंदही दिसते. ती रुंदी वर्णनात जाता कामा नये. डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. मुंबईच्या उकाड्यात ते जड जातं, पण पंख्याखाली थेंब काही मिनिटांत आटतो, क्षारता चढते आणि संकोची रिक्तिकेचे (पेशीतलं जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या पोकळीचे) ठोके मंदावतात किंवा थांबतात. 'रिक्तिका नाही' अशी नोंद मग चुकीची ठरते. एक पेशी फार तर वीस मिनिटं वापरा, मग नवी घ्या.

युप्लोटिस या वंशातला सिलिएट समोर आहे असं धरा. पोटाच्या बाजूला पक्ष्मांचे जाड जुडगे असतात, त्यांना सिरस म्हणतात. जीव त्यांच्यावर पाय टेकल्यासारखा चालतो. पुढच्या आणि पोटाच्या भागातले सिरस मोजा, मागचे आडव्या ओळीतले मोजा, शेपटीकडचे मोजा. तोंडाजवळच्या पक्ष्मांच्या पट्ट्या किती आणि त्यांची रांग शरीराच्या लांबीच्या किती भागापर्यंत जाते? पाठीवर पक्ष्मांच्या ओळी किती, मधल्या ओळीत पक्ष्म किती? महाकेंद्रक (पेशीतलं मोठं केंद्रक) इंग्रजी सी अक्षरासारखं की तुटक? रिक्तिका नेमकी कुठे आणि किती सेकंदांनी आकुंचन पावते? त्वचेखालचे कण आहेत का, रंगहीन की पिवळे, ओळीने की विखुरलेले? हे कण जिवंत पेशीतच दिसतात, फॉर्मालिनमध्ये विरघळून जातात. जुनी कित्येक वर्णनं फक्त जतन केलेल्या पेशींवरून झाली. त्यामुळे एखाद्या वर्णनात कणांचा उल्लेख नसेल तर त्याचा अर्थ कण नव्हते असा घेऊ नका.

चालही लिहा. सरपटतो, गोल फिरतो, मध्येच थबकून मागे झटका देतो. हे निरुपयोगी वाटतं, पण सारख्या दिसणाऱ्या दोन जीवांना डिशमध्ये वेगळं करायला बहुतेक वेळा चालच कामी येते. व्हिडिओ घ्याच.

चांदीचा रंग

पक्ष्मांची मुळं आणि केंद्रकं एकत्र दाखवायला प्रोटारगॉल लागतं. ते चांदी आणि प्रथिनाचं संयुग आहे. बाजारातल्या प्रोटारगॉलचा दर्जा बॅचगणिक बदलतो, म्हणून काही प्रयोगशाळा ते घरीच बनवतात. त्याची कृती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे.

पेशी बूअँ द्रावणात पंधरा-वीस मिनिटं ठेवा: संपृक्त पिक्रिक आम्ल १५ भाग, फॉर्मालिन ५ भाग, ॲसेटिक आम्ल १ भाग. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं की स्फोटक होतं. बाटली कायम ओली ठेवा, झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक दिसले तर ती पिरगाळू नका आणि सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. नंतर पिवळेपणा जाईपर्यंत पेशी तीन-चार वेळा डिस्टिल्ड पाण्याने धुवा.

स्लाइडवर पेशींचा थेंब आणि तेवढंच अंड्याचं पांढरं व ग्लिसरीन यांचं मिश्रण घेऊन सुईने पातळ पसरा, रात्रभर वाळू द्या, मग अल्कोहोलमधून न्या आणि पुन्हा पाण्यात आणा. थर जाड झाला तर सगळी पार्श्वभूमी तपकिरी होते. फार पातळ झाला तर पेशी पाण्याबरोबर वाहून जातात. पुढे ०.२ टक्के पोटॅशियम परमँगनेट. इथे काळ कळीचा, आणि प्रत्येक जीवाला तो वेगळा लागतो. म्हणून आठ स्लाइड एकदम करा: पहिली ६० सेकंद, दुसरी ६५, असं शेवटच्या ९५ पर्यंत. त्यातल्या दोन-तीन उत्तम येतात, बाकीच्या वाया गेल्या तरी चालतं. मग २.५ टक्के ऑक्झॅलिक आम्लात दोन-अडीच मिनिटं, तपकिरी रंग जाईपर्यंत. भरपूर धुवा.

प्रोटारगॉलची भुकटी (०.४ ते ०.८ टक्के) पाण्यावर भुरभुरा आणि आपोआप बुडू द्या, ढवळू नका, ढवळली की गुठळ्या होतात. ६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग हायड्रोक्विनोन आणि सोडियम सल्फाइटच्या विकसकात घाला. पक्ष्मांच्या मुळांचे काळे ठिपके स्पष्ट आले की थांबवा. केंद्रकं फिकी आणि ठिपके नीट दिसत असतील तर परमँगनेटचा वेळ बरोबर होता. सगळंच गडद आलं तर तो कमी पडला. काहीच रंगलं नाही तर जास्त झाला.

निदान वीस पेशींची मापं घ्या आणि प्रत्येक लक्षणाचा किमान, कमाल, सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन आणि विचलन गुणांक असा तक्ता मांडा. विचलन गुणांकाकडे (प्रमाण विचलन सरासरीच्या किती टक्के, त्याकडे) बारकाईने बघा. शरीराची लांबी १५-२० टक्क्यांनी हलते, तिच्यावर प्रजाती उभी राहत नाही. पाठीवरच्या ओळींची संख्या वीसपैकी वीस पेशींत तीच असेल तर ते लक्षण भरवशाचं.

जनुक

त्याच वसाहतीतल्या पेशी २४ तास उपाशी ठेवा, नाहीतर पोटातल्या डायटमचं जनुक हाती लागतं. सिलिएटच्या महाकेंद्रकात रायबोसोमच्या जनुकांच्या प्रती प्रचंड असतात, त्यामुळे नीट धुतलेली एक पेशीही पुरते. त्यातलं अठरा-एस जनुक साधारण १७५० बेसचं, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांचं. पीसीआरने त्याच्या प्रती काढायला युक-ए आणि युक-बी हे नेहमीचे प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे), जोडणीचं तापमान ५५-५६ अंश, वाढीला दोन मिनिटं, ३५ फेऱ्या. चुका कमी करणारं एन्झाइम वापरा. डीएनए वाचायच्या सँगर पद्धतीत एका वाचनात सातशे-आठशे बेसच स्वच्छ मिळतात, म्हणून मधले प्रायमरही द्या. आलेखात जागोजागी दोन शिखरं एकावर एक दिसली तर आधी नमुना मिसळला असल्याची शंका घ्या.

ब्लास्ट या जनुकं जुळवून शोधणाऱ्या प्रणालीत ९९ टक्के साम्य आलं की लोक नाव चिकटवून मोकळे होतात. जेनबँक या जनुकांच्या सार्वजनिक संग्रहातलं नाव अपलोड करणाऱ्याने दिलेलं असतं. ते बरोबर असेलच असं नाही. ज्या नोंदीसोबत छापील वर्णन आणि जपलेली स्लाइड आहे तिलाच वजन द्या. अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा सर्वमान्य आकडाही नाही. दिसायला स्पष्ट वेगळ्या सिलिएटचं अठरा-एस काही वेळा जवळपास एकच निघतं; तेव्हा रायबोसोमच्याच जनुकसमूहातले आयटीएस आणि अठ्ठावीस-एसचा तुकडा घ्यावा लागतो. उलटही होतं. युप्लोटिस व्हॅनस, क्रॅसस आणि मिनुटा हा गट वर्षानुवर्षं गोंधळाचा राहिला आहे, कारण बाहेरून त्यांच्यात फरक फार थोडा.

वंशवृक्षासाठी मॅफ्ट या संगणक प्रणालीने मांडणी आणि आयक्यू-ट्री या प्रणालीने वृक्ष, इतकं पुरतं. पण तुलनेसाठीचा बाहेरचा गट म्हणून फार लांबचा जीव घेतला की लांब फांद्या एकमेकींना खेचतात आणि आपला जीव भलत्याच जागी जाऊन बसतो. वरच्या पातळीचं वर्गीकरण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय आराखड्याप्रमाणे लिहा; 'प्रोटोझोआ' हा संघ धरून लिहिणारे अजून आहेत, पण तो एका पूर्वजाचा गट नाही.

नाव

आधी नावं देण्याच्या नियमांची कोणती संहिता लागू आहे ते ठरवा. सिलिएट, फोरॅमिनिफेरा आणि रेडिओलॅरिया प्राणिनामसंहितेत. डायटम शैवाल-कवक-वनस्पती संहितेत. डायनोफ्लॅजेलेटवर दोन्ही बाजूंचा दावा, म्हणून त्यांचं नाव दोन्ही संहितांत टिकेल असंच द्यावं. प्राणिसंहितेच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे १९९९ नंतरच्या प्रत्येक नावासोबत ते नवं असल्याची स्पष्ट खूण हवी, आदर्श नमुना (टाइप, म्हणजे ते नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना) ठरवलेला हवा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला तेही लिहिलेलं हवं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या निबंधाची झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंद हवी आणि तसा उल्लेख निबंधातच हवा. हे विसरल्यामुळे चांगली नावं बाद झाली आहेत. गंमत म्हणजे प्राणिसंहिता वर्णनाची भाषा ठरवून देत नाही, नियमाने ते मराठीतही चालेल. फक्त नाव रोमन लिपीतच असलं पाहिजे. शैवालांच्या संहितेत मात्र २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी सक्तीची आहे.

वंशाच्या नावाच्या व्याकरणी लिंगाकडे लक्ष द्या. 'मुंबईचा' या अर्थाचं नाव होलोस्टिकाला जोडलं तर शेवट 'एन्सिस', पण स्ट्रॉम्बिडियम किंवा कॉन्डिलोस्टोमाला जोडलं तर 'एन्से', कारण ते वंश नपुंसकलिंगी. आणि वर्म्स या सागरी जीवांच्या सूचीत ते नाव आधीच कुणी वापरलंय का ते तपासा. समानार्थी ठरलेली, बाद झालेली नावंसुद्धा त्यात शोधा.

लक्षणलेखात, म्हणजे प्रजातीची ओळख पटवणाऱ्या छोट्या वर्णनात, ढोबळ शब्द नकोत. 'मध्यम आकाराची लांबट पेशी, पक्ष्म भरपूर' या वाक्यात शंभर प्रजाती बसतात. त्याऐवजी, उदाहरणादाखल, असं लिहा: 'जिवंत पेशी ७०–९५ × ३०–४० मायक्रोमीटर, पाठीवर आठ ओळी, मधल्या ओळीत १२–१४ पक्ष्म, त्वचेखालचे कण रंगहीन, प्रत्येक पक्ष्माभोवती फुलासारखे सहा, खाऱ्या पाण्यातली.' त्यानंतर जवळच्या तीन-चार प्रजातींशी तक्त्यातून तुलना करा आणि प्रत्येकीपासून निदान दोन स्वतंत्र लक्षणांनी फरक दाखवा. एकाच लक्षणाचा फरक असेल तर आमच्या मते थांबावं आणि दुसऱ्या ऋतूत त्याच जागेहून पुन्हा नमुना आणावा.

भारतात जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती नियुक्त संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ते भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, मुंबईकरांना ते सोयीचं. जमा करायच्या स्लाइडवर आदर्श पेशी कुठली ते कळलंच पाहिजे. स्लाइड उलटी करून काचेच्या मागच्या बाजूला त्या पेशीभोवती काळ्या शाईचं बारीक वर्तुळ काढा, शाई वाळली की नेलपॉलिशचा एक पातळ थर द्या. लेबलवर नाव, ठिकाण, तारीख आणि वसाहतीचा क्रमांक पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई झायलीन हे द्रावक लागताच पसरते.